ऐच्छिक अर्ग्युमेंट फुकट, दुरुस्ती विकत

पायथनला लायसन्स फी नाही. सोसायटीचं मेंटेनन्स बिल काढणारी छोटी स्क्रिप्ट कुणाकडून करून घेतली, तर पैसे जातात ते लिहिणाऱ्याच्या तासांचे आणि पुढे दुरुस्तीचे. दुरुस्तीचा बराच खर्च फंक्शनच्या पहिल्या ओळीतच वाचवता येतो. ऐच्छिक अर्ग्युमेंट्स तिथे लिहिलेली असतात: कॉल करताना दिली नाहीत, तर डिफॉल्ट व्हॅल्यू धरली जाते.

सगळ्यात महागात पडते डिफॉल्ट म्हणून ठेवलेली रिकामी यादी, म्हणजे `इतर=[]`. पायथन डिफॉल्ट एकदाच तयार करतो, फंक्शन तयार होताना. दर कॉलला नव्याने नाही. समजा, फ्लॅट 101 च्या बिलात पार्किंगचे 300 रुपये फंक्शनच्या आतून या यादीत जोडले. 102 चं बिल काढायला घेतलं की ते 300 यादीत बसलेलेच असतात. त्यात 102 चे टँकरचे 200 पडले की 103 च्या माथी 500! एरर येत नाही. एकाच फ्लॅटचं बिल काढून पाहिलं, तर ते बरोबरच दिसतं. घोळ कळतो तो बिलं वाटून झाल्यावर, सभासद कमिटीच्या दारात आल्यावर. उपाय दोन ओळींचा आहे: डिफॉल्ट `नन` (None, म्हणजे 'काहीच दिलेलं नाही') ठेवायचा, आणि आत `नन` आढळला तर नवी यादी करायची.

तारखेचंही तेच. `दिनांक=आज()` असं डिफॉल्टला लिहिलं आणि प्रोग्राम आठवडाभर चालूच ठेवला, तर आठवडाभर पहिल्या दिवसाचीच तारीख छापली जाते.

शून्याचा खर्च वेगळा. `दंड = दंड ऑर 100` हा शॉर्टकट सर्रास वापरतात. कमिटीने एखाद्याचा दंड माफ करून 0 पाठवला, तरी पायथन शून्याला 'नाही'च समजतो आणि 100 लावून मोकळा होतो. तपासायचं ते `नन` आहे का, एवढंच.

जावास्क्रिप्टमध्ये, 2015 पासून, डिफॉल्ट दर कॉलला नव्याने काढला जातो. त्यामुळे यादीची भानगड नाही. पण `नल` (null, म्हणजे 'काहीच नाही') पाठवला तर डिफॉल्ट लागतच नाही, आणि बेरजेत `नल` म्हणजे शून्य. मेंटेनन्सची रक्कम गुपचूप गायब.

पायथन 3 मधली सगळ्यात स्वस्त सोय एका चिन्हाची: `बिल(फ्लॅट, *, दंड=नन, इतर=नन)`. ताऱ्यानंतरची अर्ग्युमेंट्स नाव घेऊनच द्यावी लागतात. `बिल(101, दंड=0)` चालतं, `बिल(101, 0)` जागच्या जागी अडतं. तारा नसेल आणि उद्या कुणी मध्येच नवं अर्ग्युमेंट घुसवलं, तर जुन्या कॉलमधला दंड भलत्याच खात्यात जाऊन पडतो. टायपिंग थोडं वाढतं, त्याची कुरकुर प्रोग्रामर करतील; करू द्या. (एकाच फंक्शनला आठ-दहा ऐच्छिक अर्ग्युमेंट्स दिसली, तर मात्र ते तोडून दोन करायला सांगा.)

पायलिंट हे मोफत साधन रिकाम्या यादीचा घोळ डब्ल्यू0102 या इशाऱ्याने पकडून देतं. शून्याचा घोळ मात्र माणसालाच पाहावा लागतो. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी समोर बसून तीन बिलं काढून घ्या: एक दंड 0 देऊन, एक दंड न देता, आणि तिसरं प्रोग्राम बंद न करता लगेच पुढच्या फ्लॅटचं.