चुंबक सावकाश का पडतो?



दहावीच्या उत्तरपत्रिकांत लेंझचा नियम आम्हाला बहुधा बिनचूक लिहिलेला आढळतो. पण ‘असे का?’ हा प्रश्न आला की पेन थांबते. म्हणून या वेळी आम्ही खडू बाजूला ठेवून तांब्याची नळी हाती घेतली.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केल्यास वेटोळ्यात विद्युतधारा वाहते. चुंबक स्थिर राहिला की धारा थांबते. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. धारेची दिशा १८३४ साली लेंझ यांनी सांगितली : ज्या बदलामुळे ती निर्माण होते, त्या बदलालाच ती विरोध करते.

तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आम्ही प्रथम दाखवले. मग एक मीटर लांबीच्या उभ्या नळीतून लोखंडाचा तुकडा सोडला. तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली आला. त्याच आकाराचा निओडायमियम चुंबक मात्र काही सेकंदांनी, अगदी सावकाश बाहेर पडला. मुले नळीत डोकावून पाहू लागली!

पडणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत गोलाकार धारा वाहतात आणि त्या चुंबकाला अडवतात. आता हिशेब पाहा. २० ग्रॅमचा चुंबक एक मीटर खाली आला की सुमारे ०.२ ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते. चुंबकाला वेग तर फारसा मिळाला नाही. मग ऊर्जा गेली कुठे? धारांमुळे नळी तापली. अर्धा किलो तांब्याचे तापमान एवढ्या ऊर्जेने अंशाच्या हजाराव्या भागाइतकेच वाढते. हाताला ते कळत नाही.

समजा, धारेने विरोधाऐवजी मदत केली असती तर? चुंबकाचा वेग वाढला असता, त्यामुळे धारा वाढली असती, तिने वेग आणखी वाढवला असता. वेगही वाढतो आणि नळीही तापते, म्हणजे ऊर्जा शून्यातून आली! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम हे होऊ देत नाही. लेंझचा नियम हे त्याचेच एक रूप आहे.

सायकलचा डायनॅमो लावला की पॅडल जड होते, तेही यामुळेच. दिव्याचा उजेड आपल्या पायांच्या कष्टांतून येतो. पालकांनीही ध्यानात ठेवावे : इंधनाशिवाय अखंड वीज देणाऱ्या यंत्राची जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

घरी विचार करा : नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडली, तर चुंबक लवकर पडेल की उशिरा? कारणासह उत्तर वहीत लिहून आणा.