वेलांटी आधी की 'ह' आधी?

शीर्षक वाचून हा व्याकरणाचा तास आहे असं समजू नका. हा लेख आमच्या मिनी प्रोजेक्टच्या फजितीतून आला आहे.

आम्ही तिघांनी एसटी स्टँडवर लावता येईल असा एलईडी फलक करायला घेतला होता. पी-१० जातीची तीन पॅनेल, प्रत्येकावर ३२ बाय १६ दिवे. इंग्रजीत गावांची नावं एका संध्याकाळी दिसायला लागली. मग मराठीत 'अहिल्यानगर' टाकलं. वेलांटी 'ह'च्या उजवीकडे जाऊन बसली, 'ल'चा पाय मोडला आणि त्यापुढे अख्खा 'य' सुटा उभा राहिला. रूम पार्टनर म्हणाला, "सोड ना यार, इंग्रजीतच दाखवू. मराठी कॉम्प्युटरला झेपत नाही." क्षणभर मलाही पटलं. पण माझी आजी स्टँडवर फलक बघूनच गाडी शोधते. तिलाच वाचता आला नाही, तर तो फलक कशाला करायचा?

उत्तर शोधताना एक नाव सापडलं: र. कृ. जोशी. आपण विंडोजवर मराठी टाइप करतो तेव्हा 'मंगल' नावाचा फाँट दिसतो ना, तो त्यांचा. मला वाटलं, हे कोणी सॉफ्टवेअर इंजिनिअर असणार. निघाले जाहिरातवाले!

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते उपयोजित कला शिकले. १९५६ मध्ये डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत लागले आणि १९६१ ते १९८३ उल्का जाहिरात संस्थेत आर्ट डायरेक्टर होते. वेलकमग्रुप आणि चिन्मय मिशन यांची बोधचिन्हं त्यांच्याच हातची. शिवाय ते कवी आणि सुलेखनकारही होते.

जाहिरातवाल्याला फाँटची काय पडली होती, असं तुम्ही विचाराल. आपल्या देशात एकच जाहिरात मराठी, गुजराती, तमिळ अशी अनेक लिप्यांत छापावी लागते. रोमन अक्षरांची वळणं त्या काळी ढिगाने मिळत, आपल्या लिप्यांची मोजकीच. त्याच सुमारास इटलीत जोव्हान्नी पिंतोरी हे ऑलिव्हेट्टी कंपनीच्या टाइपरायटरच्या जाहिराती करत होते. साधी अक्षरं आणि आकडे उधळून त्यांनी सुंदर पोस्टर्स केली. पण त्यांची लिपी त्या यंत्रात आधीच नीट बसलेली होती. जोशींपुढे प्रश्न त्याच्याही आधीचा होता: आपली लिपी यंत्रात बसवायची कशी?

हा प्रश्न जुनाच. टाइपरायटरवर शंभराच्या आत चिन्हं मावतात आणि देवनागरीची जोडाक्षरं धरली तर शेकडो आकार लागतात. म्हणून यंत्राला सोयीची व्हावी अशी लिपीच बदलायच्या सूचनाही झाल्या. जोशींनीही सर्व भारतीय भाषांसाठी 'देशनागरी' नावाची एक सामाईक लिपी करून पाहिली. पण पुढचं त्यांचं मोठं काम उलट दिशेचं आहे. अक्षर आहे तसं राहू द्यायचं आणि यंत्राला शिकवायचं. १९८३ मध्ये ते जाहिरात सोडून पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले आणि १९९६ पर्यंत तिथे होते. एनसीएसटी या सरकारी संस्थेबरोबर त्यांनी संगणकावर अक्षरं घडवायची 'विन्यास' ही प्रणाली केली. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी केलेल्या फाँटपैकी देवनागरीचा 'मंगल' आणि तमिळचा 'लता' विंडोज २००० बरोबर आले.

आता आमच्या फलकाकडे वळू. 'अहिल्यानगर' हा शब्द युनिकोडमध्ये दहा संकेतांचा आहे: अ, ह, वेलांटी, ल, हलन्त, य, काना, न, ग, र. हा क्रम उच्चाराचा आहे, दिसण्याचा नाही. आपण 'ह' आधी म्हणतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे काढतो. आम्ही दहा संकेत जसेच्या तसे ओळीने दाखवत होतो, तिथेच चुकलो. विंडोजमध्ये हे काम दोघे मिळून करतात. मजकूर मांडणारी प्रणाली वेलांटी उचलून 'ह'च्या आधी ठेवते. मग फाँटमधला नियम सांगतो की 'ल', हलन्त आणि पुढे 'य' आला, तर 'ल'चा अर्धा आकार वापरा. 'पाथर्डी' आणि 'कर्जत' मधला रफार याहून गमतीचा. त्यातला 'र' संकेतांत 'ड' किंवा 'ज'च्या आधी येतो, पण दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणजे फाँटमध्ये अक्षरांच्या चित्रांबरोबर असे नियमही भरलेले असतात. कुठला अर्धा आकार कुठे शोभतो हे ठरवायला लेखणी धरलेला हातच लागतो. जोशींची इतक्या वर्षांची तालीम इथे कामी आली.

आम्ही मग आपल्या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांपुरता नियमांचा छोटा तक्ता केला. श्रीरामपूर आणि श्रीगोंद्यासाठी 'श्र' वेगळा काढला. रफारासाठी वरच्या दोन ओळी राखून ठेवल्या. पाथर्डी नीट दिसायला तीन रात्री गेल्या. व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, "सरळ अख्ख्या नावाचं चित्र का नाही टाकलं?" मी म्हणालो, "सर, उद्या नवं गाव जोडलं तर नवं चित्र काढावं लागेल. नियम असेल तर आपोआप जुळेल." सर हसले. मार्क ठीकठाक पडले.

र. कृ. जोशी २००८ मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या कुठल्याच विषयाच्या सिलॅबसमध्ये नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मराठी अक्षरं मोडली, तर लगेच इंग्रजीकडे पळू नका. आधी कागदावर संकेतांचा क्रम लिहा, शेजारी दिसण्याचा क्रम लिहा आणि फरक शोधा. आमचा तक्ता हवा असेल तर रूमवर या, वहीतली पानं झेरॉक्स करून देईन.