वहीत लिहून ठेव, चिऊ

चिऊ, काकूला तू ‘हॉटेलात लागले’ एवढंच सांगितलंयस ना? मीही तेच केलं होतं. आठ महिन्यांनी शेजारच्या आप्पांनी ‘तुमची पोरगी बारमध्ये दिसली’ अशी बातमी पोचवली आणि आईने दोन आठवडे माझा फोन घेतला नाही. तू आपल्या तोंडाने सांग. बाणेरला आहे, आत बार आहे, रविवारी लेकुरवाळी माणसंही जेवायला येतात, सगळं सांग.

आता कामाचं. पहिल्या पगाराची वाट न बघता बूट घे, रबरी तळव्याचे, अर्धा नंबर मोठे. ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी साडेतीनला सुटून सातला परत उभं राहायचं असतं, अकरापर्यंत पाय टम्म सुजतात. आणि सहाला स्टाफचं जेवण आलं की जेव. नऊ वाजता दुसऱ्याच्या टेबलावर चिकन लॉलीपॉप ठेवताना आपल्या पोटात काय होतं, ते तुला कळेलच.

पण मला खरं सांगायचंय ते वहीचं. ऑर्डरच्या पॅडपेक्षा वेगळी, खिशात मावेल अशी एक वही ठेव. मी पहिलं वर्ष वहीशिवाय काढलं, सगळं लक्षात राहतं असा तोरा होता. हल्ली लोक टिप बिलातच मिळवून यूपीआयने देतात. एकोणीसशेचं बिल, दोन हजार स्कॅन करतात आणि ‘वरचे तुला’ म्हणतात. ते वरचे शंभर जातात मालकाच्या खात्यात. महिनाअखेर मॅनेजरने माझ्या हातावर बाराशे ठेवले. मी म्हटलं, जास्त असतील. तो म्हणाला, किती? मला आकडा सांगता आला नाही. भांडण तिथेच संपलं. दुसऱ्या दिवसापासून तारीख, टेबल, रक्कम लिहायला लागले. आता हिशेब करताना तोच आधी विचारतो, ‘वही आणलीस का?’

सर्व्हिस चार्जवरून मात्र गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नकोस. तो बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. कोणी ‘काढा’ म्हणालं की कॅप्टनला बोलाव.

पेगही लिही. 30 मिली स्मॉल, 60 लार्ज, तीन लार्ज म्हणजे अख्खी क्वार्टर. गिऱ्हाईक नुसतं ‘रिपीट’ म्हणतं, त्याला मोजायचं नसतं. तुला असतं. चौथ्या लार्जला पाण्याची बाटली ठेव, जेवणाचं विचार आणि कॅप्टनच्या कानावर घाल. नाही म्हणायचं ते त्याने. कॉलेजची पोरं दिसली तर ओळखपत्र माग. महाराष्ट्रात बिअरला 21, व्हिस्की-रमला 25. पंचवीस ऐकून पोरं हसतात. हसू देत.

बिल देताना कोणी बोटं धरून ठेवली तर ‘हसून सोडून द्यायचं’, असं मला पहिल्या कॅप्टनने शिकवलं होतं. साफ चुकीचं शिकवलं. टेबल बदलून माग आणि तारीख, वेळ, टेबल नंबर लगेच वहीत टाक. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाला तक्रार समिती नेमावीच लागते. तिच्यासमोर बसशील तेव्हा ही पानं कामी येतील.

आणखी एक, रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तुझी संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची. कायद्यातच आहे ते, कोणी उपकार करत नाही. सही करण्याआधी विचार, गाडी कुठपर्यंत? ‘चौकापर्यंत’ म्हणाले तर सही करू नकोस.

सोमवारी पहिलंच क्लोजिंग ना तुझं? घरी पोचलीस की फोन कर. दीडपर्यंत मी जागीच असते, आमचंही क्लोजिंग असतं.