टीजेमध्ये गेल्यावर पोहणं सुटेल का?

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलगी आठवीत आहे, गणितात रमते आणि नियमित पोहते. थॉमस जेफरसन या मॅग्नेट हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, तर अभ्यासापायी तिचं पोहणं सुटेल का?
– एक आई

उत्तर : सुटायचं काहीच कारण नाही. १९८५ साली विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सुरू झालेली ‘टीजे’ ही सरकारी शाळा आहे. तिचे संघ इतर सरकारी शाळांप्रमाणेच व्हर्जिनिया हायस्कूल लीगमध्ये उतरतात. पोहण्याचा हंगाम हिवाळ्यात असतो. संघात राहायचं तर आधीच्या सत्रात किमान पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात.

अभ्यास मात्र खरोखर जड आहे. संगणकशास्त्र सर्वांना सक्तीचं, आणि बारावीत प्रयोगशाळेतला संशोधन प्रकल्प. दिलासा असा, की क्लबांसाठी शाळेच्या वेळेतच ‘आठवा तास’ राखलेला असतो. त्यामुळे संध्याकाळ सरावाला उरते.

खरा प्रश्न अंतराचा आहे. आसपासच्या काउंट्यांतूनही मुलं इथे येतात. तुमच्या घरापासूनचा बसप्रवास, सराव आणि गृहपाठ धरून झोपेला किती तास उरतात, ते आधी कागदावर मांडा. झोपेत काटछाट करावी लागणार असेल, तर जवळची शाळा निवडण्यात कमीपणा नाही.

प्रवेशासाठीची जुनी चाचणी २०२० मध्ये बंद झाली. आता शाळेतले गुण आणि मुलीचं स्वतःचं लेखन पाहतात. पोहण्यातून ती काय शिकली, हे तिला तिच्याच शब्दांत लिहू द्या.