हवामान-नोंदींची स्वयंचलित मागणी आणि लष्करी अळीचा इशारा

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. अळी लहान असतानाच तिचे नियंत्रण परिणामकारक ठरते. पोंग्यात शिरलेल्या मोठ्या अळीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. त्यामुळे इशारा तीन दिवस उशिरा मिळणे ही किरकोळ बाब नव्हे.

किडीची वाढ तापमानावर अवलंबून असते. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाच्या सरासरीतून वाढीसाठी लागणारे किमान तापमान वजा केले की त्या दिवसाचे अंश-दिवस मिळतात. या किडीसाठी हे तापमान सुमारे १२.५ अंश सेल्सिअस, तर अंड्यापासून पतंगापर्यंतची गरज सुमारे ३९० अंश-दिवस मानली जाते. कमाल ३२ व किमान २४ अंश असल्यास दिवसाला १५.५ अंश-दिवस जमा होतात. म्हणजेच एक पिढी सुमारे २५ दिवसांत पूर्ण होते.

ही तापमाने 'एन८एन' या स्वयंचलन-साधनातील 'एचटीटीपी रिक्वेस्ट' घटकाद्वारे नासाच्या 'पॉवर' सेवेकडून रोज मागवता येतात. सेवा विनामूल्य असून तिला एपीआय-की लागत नाही. जबलपूरच्या पूर्वेकडील रांझीचे उदाहरण घेतल्यास मांडणी अशी होईल:

१. पद्धत 'गेट' निवडावी. अक्षांश २३.२ व रेखांश ८०.० पत्त्यात थेट न लिहिता क्वेरी पॅरामीटर म्हणून स्वतंत्र द्यावेत. पुढे गाव बदलणे सोपे जाते.

२. प्रारंभ व अंतिम तारीख वर्ष-महिना-दिवस अशा सलग आठ अंकांत द्यावी. तारखेच्या सूत्रात मोठा 'एम' महिना दर्शवतो, लहान 'एम' मिनिटे.

३. वेळापत्रकासाठी 'आशिया/कोलकाता' हा कालविभाग निवडावा. स्वतःच्या संगणकावर बसवलेले साधन मुळात न्यूयॉर्कची वेळ धरते. सकाळी सहाचे काम मग भारतात दुपारी चालते.

४. अपयश आल्यास पुनःप्रयत्नाची सोय चालू करावी. ५०० च्या मालिकेतील संकेत सर्व्हरची अडचण दर्शवतो, तेथे ती उपयोगी पडते. ४०० च्या मालिकेतील संकेत बहुधा मागणीतच चूक असल्याचे सांगतो; तीच मागणी पुन्हा पाठवून ती सुधारत नाही. ४२९ चा अर्थ मात्र मागण्या फार झाल्या, थोडे थांबावे.

खरा धोका २०० या यशाच्या संकेताआड दडतो. 'पॉवर'च्या नोंदी काही दिवस मागे असतात आणि अनुपलब्ध दिवसासाठी ही सेवा उणे ९९९ हा अंक पाठवते. तो तसाच सूत्रात गेल्यास बेरीज उघडपणे कोसळते व चूक लक्षात येते. परंतु ऋण अंश-दिवस शून्य धरण्याची प्रथा सूत्रात असेल, तर चूक झाकली जाते: तीन रिकाम्या दिवसांमागे ४६.५ अंश-दिवस निसटतात आणि इशारा तीन दिवस लांबतो. म्हणून गणनेपूर्वी 'इफ' घटकाने उणे ९९९ वेगळे काढावे, त्या दिवसांसाठी हवामान अंदाजातील तापमान तात्पुरते वापरावे व नोंद उपलब्ध होताच बेरीज पुन्हा करावी.

या सेवेतील तापमानाचा एक चौकोन अक्षांशात अर्धा व रेखांशात ०.६२५ अंशाचा असतो. त्यामुळे रांझी व अधारताल यांना एकच आकडा मिळतो. शेतातील तापमान याहून भिन्न असू शकते. म्हणून जवळच्या वेधशाळेच्या नोंदींशी पडताळणी आवश्यक ठरते. गणनेचा आरंभही संगणक ठरवीत नाही. कामगंध सापळ्यात सापडलेले पतंग व पानांवर दिसलेले अंडीपुंज यांवरूनच तो दिवस निश्चित करावा लागतो.