परसबागेचा पहिला धडा

अरण्यात कोणी नांगर धरीत नाही, खत घालीत नाही, पाणी शिंपीत नाही. तरीही तेथील भूमी वर्षानुवर्षे सुपीक राहते. पाने गळतात, त्यांचे खत होते आणि त्या खतावर पुन्हा पालवी फुटते. या व्यवस्थेचे अनुकरण आपल्या बागेत करण्याचे जे शास्त्र आहे, त्यास ‘पर्माकल्चर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील बिल मॉलिसन व त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून ते जगापुढे मांडले. भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि गरजेपेक्षा जास्त असेल त्याचे न्याय्य वाटप, ही त्याची तीन नीतितत्त्वे होत.

गोमंतकीयांस ही कल्पना परकी वाटू नये. फोंडे तालुक्यातील सावई-वेरे येथील एखादे कुळागर पाहावे. माड आणि पोफळी सर्वांत उंच. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल. मध्ये केळ व जायफळ. पायथ्याशी अननस, हळद, आले. सूर्यप्रकाश जणू मजल्यामजल्याने वाटून घेतलेला. पोफळ मिरीस आधार देते, केळ कोवळ्या रोपांस सावली देते आणि गळलेल्या झावळ्या तेथेच कुजून मातीचे पोषण करतात. एका घटकाने अनेक कामे करावी, हे पर्माकल्चरचे सूत्र येथे पिढ्यान् पिढ्या आचरणात आहे.

मात्र कुळागर बारमाही पाण्यावर जगते. हैदराबादच्या पठारावर, जेथे गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पाऊस पडतो, तेथे त्याची नक्कल फसेल. तेथे सीताफळ, शेवगा, तूर हीच योग्य. त्याच हैदराबादेत २०१७ साली या शास्त्राचे जागतिक संमेलन भरले होते. तात्पर्य, तत्त्व सर्वत्र एकच असले तरी बाग प्रत्येक ठिकाणी निराळी असते. म्हणून परसबागेचा पहिला धडा लावणीचा नसून निरीक्षणाचा आहे. ऊन कोठे येते, वारा कोणत्या दिशेचा, पाणी कोठून वाहते व कोठे साचते, हे निदान एक पावसाळा व एक उन्हाळा पाहून वहीत टिपावे.

मग जागेची वाटणी करावी. ज्याची रोज गरज, ते दाराजवळ: कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता. क्वचित लक्ष द्यावे लागणारी फळझाडे त्यापलीकडे. अगदी कडेचा कोपरा पक्ष्यांसाठी व फुलपाखरांसाठी मोकळा सोडावा. आपल्या घरांतून न्हाणीच्या पाण्यावर केळ व अळू लावण्याची जी रीत आहे, ती याच विचाराची. फक्त त्या पाण्यात तीव्र साबणचुरा नसावा.

आता पाण्याचा हिशेब करू. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५० चौरस मीटरच्या लहानशा घरावर दीड लाख लिटर पाणी पडते! आपण ते गटारात सोडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ पाहतो. उतारास आडवे चर खणावे, छपराचे पाणी शोषखड्ड्यात न्यावे. खड्डा घराच्या पायापासून व शौचालयापासून दूर असावा, म्हणजे भिंतीत ओल येणार नाही व पाणी दूषित होणार नाही.

पाचोळ्याचीही हीच गोष्ट. तो जाळला असता राखेत थोडे पोटॅश उरते, परंतु नत्र धुरावाटे निघून जाते. तोच पाचोळा झाडाच्या आळ्यात चार बोटे जाड पसरला, तर माती थंड व ओलसर राहते, तण कमी उगवते आणि गांडुळे आपणहून येतात. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी. नाहीतर खोड कुजते.

शाळेच्या आवारातही हे सर्व करता येईल. एक वर्ग पाचोळा गोळा करील, दुसरा चर खणील, तिसरा नोंदवही ठेवील. आणि आलेली भाजी सर्वजण वाटून घेतील. यास मोठे भांडवल लागत नाही. परंतु गटारात जाणारे पाणी आणि धुरात जाणारी पाने ही आपलीच संपत्ती आहे, एवढी जाणीव ठेवली पाहिजे. ती संपत्ती आपण राखली, तरच पुढील पिढीच्या हाती सकस माती आणि भरलेली विहीर देता येईल.