पेशीच्या घराचे वासे

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पेशीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या शरीराच्या आधाराने आपण कविता वाचतो, ते उभे कसे राहते हे विचारण्याचा हक्क कोणत्याही एका शाखेचा नाही.

शाळेत आपण पेशीची आकृती काढली : बाहेर आवरण, मध्ये केंद्रक, भोवती पेशीद्रव्य. त्यावरून पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, अशी समजूत होते. मग प्रत्येक पेशी थेंबासारखी गोल का होत नाही? याचे उत्तर तिच्या आत पसरलेल्या प्रथिनांच्या धाग्यांत आहे. या जाळ्याला पेशी-सांगाडा म्हणतात.

हे धागे मुख्यतः तीन प्रकारचे. अ‍ॅक्टिनचे धागे सर्वांत बारीक, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर.) ट्यूब्युलिनच्या पोकळ नळ्या सर्वांत जाड, सुमारे २५ नॅनोमीटरच्या. या दोहोंमधले सुमारे १० नॅनोमीटरचे धागे ताण सोसतात. आपल्या केसांतील व नखांतील केराटिन याच कुळातले.

आकाराचे महत्त्व तांबड्या रक्तपेशीवरून कळते. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन असतो. पण तिला त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून जावे लागते. आवरणाच्या आतल्या बाजूस स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे लवचीक जाळे असते, म्हणून ती दुमडते आणि पुन्हा मूळ आकारात येते. असे ती सुमारे १२० दिवस करते. काही कुटुंबांत या जाळ्यातच जन्मजात दोष असतो. मग पेशी चकतीऐवजी चेंडूसारखी होते, प्लीहेत अडकून लवकर फुटते आणि रोग्याला पंडुरोग जडतो.

आता हालचालीकडे वळू. पांढरी रक्तपेशी जंतूच्या मागे सरपटत जाते. तिच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिनचे कण एकमेकांना जोडले जातात व आवरणाला पुढे ढकलतात. मागील भाग मायोसिनच्या साहाय्याने ओढला जातो. जुन्या धाग्यांतून सुटलेले कण पुन्हा पुढे वापरले जातात. माझे वडील गवंडीकाम करतात. फळ्या कमी असल्या, की ते खालच्या परांचीच्या फळ्या सोडवून वर बांधतात. पेशीची रीत हीच आहे.

सांगाडा हा रस्ताही आहे. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारा बराचसा माल पेशीच्या मुख्य भागात तयार होतो. तो ट्यूब्युलिनच्या नळ्यांवरून वाहून नेणारा हमाल म्हणजे कायनेसिन हे प्रथिन. १९८५ साली त्याचा शोध लागला. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे!

हे सारे बिघडले तर काय होते, याचा दाखला आपल्या कुंपणावरच आहे. पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुले येणाऱ्या कळलावीच्या कंदाला हात लावू नये, असे घरची वडीलधारी माणसे बजावतात. ते खरेच आहे. त्या कंदात कोल्चिसिन हे विष असते. ते ट्यूब्युलिनला चिकटते, नळ्या बांधल्या जात नाहीत आणि विभाजन होऊ घातलेली पेशी अर्ध्यावर थांबते. हेच द्रव्य अगदी मोजक्या मात्रेत डॉक्टर 'गाऊट' या सांधेदुखीवर देतात. याउलट पॅसिफिक यू या अमेरिकन वृक्षाच्या सालीत सापडलेले टॅक्सॉल नळ्या मोडूच देत नाही. त्यानेही विभाजन थांबते. म्हणून ते कर्करोगावर वापरतात.

बांधणे थांबले तरी पेशी अडते, मोडणे थांबले तरी अडते. सांगाडा म्हटला की आपल्याला हाडांसारखे काही कायमचे आठवते. पेशीचा सांगाडा मात्र सतत मोडला आणि बांधला जातो, म्हणूनच तिचे घर उभे राहते आणि चालतेही.